बिल्ले गेले, भोकं राहिली

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाने दोन शर्टांबद्दल विचारलं आहे. पहिला पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. तो खाकी, सुती आहे आणि अर्ध्या छातीपर्यंतच उघडतो. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, यापलीकडे घरात कुणाला फारसं माहीत नाही. दुसरा शर्ट त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला. तो हिरवा, पूर्ण उघडणारा, आणि विकणाऱ्याच्या भाषेत "बर्मा फ्रंटचा ओरिजिनल". दोन्हींवर एकही बिल्ला, फीत किंवा स्टार नाही. हे खरे आहेत की नाहीत ते कसं ओळखायचं, आणि बिल्ले नसल्यामुळे त्यांचं मोल गेलं का, असा प्रश्न आहे. सोबत पंधराएक फोटो पाठवले आहेत. फोटो चांगले आहेत, पण बहुतेक बाहेरच्या बाजूचे. याबद्दल पुढे बोलतो.

माझे वडील खडकीच्या छावणीत मिलिटरी टेलर होते. मी गेली तीस वर्षं जुने कपडे दुरुस्त करतो, टिकवतो आणि संग्राहकांना पारखून देतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. बिल्ला नसणं हा दोष नाही. उन्हाळी खाकी गणवेशावर बिल्ले कायमचे शिवून टाकायचे नसतात. असा शर्ट दोन-तीन दिवसांनी धोब्याकडे जाणार, दगडावर आपटला जाणार, कांजी घालून कडक होणार. त्यावर रंगीत लोकर किंवा पितळ राहील कसं? म्हणून पलटणीचं नाव आणि हुद्दा कापडी पट्टीवर शिवायचे आणि ती पट्टी खांद्यावरच्या पट्टीत सरकवायची. डिव्हिजनचा बिल्ला पुष्कळदा टिचबटणांवर लावायचे, फिती, म्हणजे हुद्द्याच्या कोनाकार पट्ट्या, हुकांवर. बुश शर्टाची पितळी बटणंसुद्धा कापडातल्या गोल भोकातून आत घेऊन मागे कडी अडकवलेली असायची. धुण्याआधी कड्या काढल्या की बटणं हातात. शर्ट धोब्याच्या गाठोड्यात जायचा तो बोडकाच.

पुढे माणूस घरी आला, शर्ट शेतावर गेला. त्यावर लान्स नाईकची फीत ठेवून कोण नांगर धरेल? आणि जो माल सरकारने युद्धानंतर डिस्पोजलमध्ये विकला, त्यावर बिल्ले असण्याचं कारणच नव्हतं. म्हणून बिल्ल्यांनी मढलेला शर्ट टेबलावर आला की मी सावध होतो, आणि बोडका आला की खुर्ची पुढे ओढतो.

हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. धंद्यात नवा असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी एक हिरवा शर्ट घेतला होता. बाहीवर काळ्या मांजराचा बिल्ला, म्हणजे बर्मात लढलेल्या सतराव्या इंडियन डिव्हिजनचा. मांजर खरं होतं, शर्टही जुना होता. मी खूष. वडिलांनी बाही उलटी करून खिडकीशी धरली आणि विचारलं, "बिल्ल्याचा टाका वरून आलाय, मग कापडावर उन्हाचा फरक का नाही?" बिल्ला उसवला. खालचं कापड बाकी बाहीइतकंच विटलेलं. पन्नास वर्षांपूर्वी नाही, सात दिवसांपूर्वी शिवलेलं होतं ते. बिल्ल्याने शर्टाची किंमत तिप्पट केली होती आणि ती मी मोजली होती.

आता तुमच्या शर्टांकडे. "खरा आहे का" या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात. कापड त्या काळचं आहे का? शर्ट लष्कराने दिलेला आहे का? आणि तो अमुक माणसाने, अमुक आघाडीवर घातला का? पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं, दुसऱ्याचं कधीकधी. तिसऱ्याचं उत्तर शर्ट जवळजवळ कधीच देत नाही, ते कागद देतात. बाजारात मात्र नेहमी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विकलं जातं.

शर्ट आतून बाहेर करा. बाजूची शिवण, बगल, खिशाच्या मागची बाजू, कॉलरची घडी जिथे दुमडते ती जागा पाहा. खऱ्या वापराने विटलेला शर्ट सगळीकडे सारखा विटत नाही. ऊन लागलं ती पाठ आणि खांदे फिके होतात, शिवणीत दुमडलेली कापडाची कड मूळ रंगाची राहते. खिशाच्या झाकणाखालचा पट्टा गडद असतो. कॉलर मानेच्या घडीवर झिजते, बाहीचा कफ काठावर, आणि खांद्यावर पिठूचे, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचे, पट्टे बसतात तिथे कापड गुळगुळीत होतं. उलट जुना दिसावा म्हणून चहात उकळलेला शर्ट आत-बाहेर एकसारखा तपकिरी असतो. शिवणीच्या पोटातही तोच चहा, लेबलवरही तोच, दोऱ्यालाही तोच. सँडपेपरने घासलेला शर्ट तर लगेच कळतो. घासणारा माणूस हाताला सापडतील त्या कडा घासतो, म्हणून खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांवर सारखीच झीज दिसते. माणूस दोन्ही खिसे सारखे वापरत नाही. डाव्या खिशात बिड्या असतील तर उजव्यात नसतात.

खाकी आणि हिरव्यात इथे एक फरक लक्षात ठेवा. जुनी खाकी बहुधा खनिज रंगाची, म्हणजे धाग्यातच लोखंड आणि क्रोमियमचे ऑक्साइड बसवलेली. ती ऊन-पाणी बरंच सोसते, फिकी होते तरी मातीच्याच छटेत राहते. हिरव्याचं तसं नाही. बर्माच्या जंगलात खाकी उठून दिसते हे कळल्यावर आधी भारतात तयार खाकी कपडेच हिरवे रंगवून काढले, मग १९४३च्या सुमारास हिरवा गणवेश रीतसर येऊ लागला. घाईत रंगवलेला तो हिरवा टिकाऊ नव्हता. वापरलेला शर्ट राखाडी, निळसर, कुठे पिवळट पडतो. तयार शर्ट हौदात बुडवून रंगवलेला असेल तर जाड शिवणीच्या आत रंग पोचलेला नसतो, आणि दोरा, पट्टी, काज सगळं एकाच हिरव्यात दिसतं.

आता भोकं. माझ्या मते बोडक्या शर्टाचा खरा दस्तऐवज म्हणजे भोकं. दुपारी खिडकीशी बसा, बाहीचा एकच पदर काचेवर पसरा आणि उजेड मागून येऊ द्या. नंतर तोच भाग टेबलावर ठेवून टॉर्च अगदी आडवा धरा. बिल्ला शिवलेला असेल तर सुईच्या भोकांची चौकट किंवा वर्तुळ दिसतं, आणि आतलं कापड थोडं गडद. फितीची भोकं उलट्या किंवा सुलट्या कोनात जातात. टिचबटण असेल तर दाबाचा गोल ठसा आणि कधी गंजाचा डाग. खांद्याच्या पट्टीच्या टोकाशी दोन ठळक, कडा झिजलेली भोकं असतील तर तिथे पिनेचं धातूचं अक्षर होतं. सरकवायच्या पट्टीने मात्र भोक पडत नाही. तिच्याखाली फक्त आडवा गडद पट्टा उरतो. तो नीट पाहा, कारण तो बनावट करणाऱ्याच्या डोक्यात सहसा येत नाही.

तुमच्या हिरव्या शर्टाच्या दोन्ही बाह्यांवर बिल्ल्याच्या आकाराचे गडद डाग आहेत. विकणाऱ्याने तेच पुरावा म्हणून दाखवले असणार. पण फोटो मोठा करून पाहिला तर डागाच्या कडेला एकही भोक नाही, टिचबटणाचा ठसाही नाही. मग तो बिल्ला कशाने चिकटला होता? कार्डबोर्डचा तुकडा ठेवून शर्ट उन्हात किंवा ब्लीचच्या फवाऱ्याखाली धरला की असा डाग पडतो. धुण्याने सुती कापडातली भोकं मिटू शकतात हे खरं. पण भोकं मिटावीत इतका शर्ट धुतला गेला असता, तर डागाची कडही पुसट झाली असती. इथे ती ब्लेडने कापल्यासारखी आहे.

दोऱ्याची परीक्षा घरी करता येते. शिवणीच्या आतून, दिसणार नाही अशा जागचा एक सेंटिमीटर दोरा काढा, चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचा, राख बोटाने उडते. पॉलिस्टर आक्रसतो आणि टोकाला कडक मणी धरतो. पॉलिस्टरचा शोध १९४१चा, पण तो लष्करी शर्टाच्या शिवणीत यायला पुढचं दशक उलटावं लागलं. संपूर्ण शिवण पॉलिस्टरची असेल तर शर्ट युद्धकाळातला नाही, विषय संपला. एखादंच बटण किंवा खिशाचा कोपरा पॉलिस्टरने शिवलेला असेल तर ती नंतरची दुरुस्ती. त्याने शर्ट खोटा होत नाही. कॉलरच्या आतल्या थराला बुडबुडे आलेत का तेही पाहा. इस्त्रीने चिकटणारी बकरम युद्धानंतरची. जुन्या कॉलरीत थर शिवलेले असतात, चिकटवलेले नसतात.

३६५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आता स्वस्तात मिळते. अंधारात मारली की शुभ्रक, म्हणजे कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून वापरतात ते रसायन, घातलेलं आधुनिक कापड आणि दोरा निळा-पांढरा पेटतो. जुनं खाकी कापड मेल्यासारखं पडून राहतं. परदेशी संग्राहक या एका परीक्षेवर शर्ट फेकून देतात. आपल्याकडे तसं करू नका. आपल्या आज्यांनी कपड्यांना नीळ घातली आणि नंतर टिनोपाल, राणीपालही घातलं. नीळ चमकत नाही, टिनोपाल चमकतं. सर्फसारख्या पावडरीतही शुभ्रक असतात. ट्रंकेतला शर्ट कुणी साठ-सत्तरच्या दशकात एकदा जरी हौसेने धुतला असेल, तर तो अख्खा चमकेल आणि तरीही अस्सल असेल. फरक असा की धुण्याची चमक सगळीकडे असते, शिवणीच्या पोटात कमी. नव्या दोऱ्याची चमक दोऱ्यापुरतीच, रेघेसारखी, आणि आत-बाहेर सारखी.

कापडाच्या किनारीबद्दलही असंच. इंग्रजी मार्गदर्शनात सांगतात की शटलच्या मागाची बंद किनार दिसली म्हणजे कापड जुनं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत तसले माग माझ्या डोळ्यांदेखत चालत आले आहेत. बंद किनार आपल्याकडे काहीच सिद्ध करत नाही.

आता शिक्का. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते, तीन रेघांची, कावळ्याच्या पायासारखी. भारतात बनलेल्या मालावर बाणाबरोबर इंग्रजी "आय" अक्षर येतं, कॅनडाच्या मालावर बाण "सी"मध्ये बसवलेला असतो. कॉलरखाली, पाठीच्या आत किंवा खालच्या टोकाशी काळ्या शाईत बाण, माप, कधी वर्ष. लेबल नसणं हे भारतीय मालात नेहमीचंच. पण बाण दिसला म्हणजे युद्धकाळ, असं मुळीच नाही. स्वतंत्र भारताच्या लष्कराने बाण सोडलाच नाही. रस्त्यावर लष्कराची गाडी दिसली तर नंबरप्लेट बघा, वर टोक केलेला बाण आजही आहे. उलट अधिकाऱ्यांचे शर्ट खासगी शिंप्याकडून शिवलेले, त्यांवर बाण नसायचाच. असलाच तर छावणीतल्या दुकानाचा टॅग. वडिलांच्या दुकानात असे शर्ट कितीतरी शिवले गेले आणि त्यांतल्या एकावरही सरकारी शिक्का नव्हता.

शिक्का खरा की नवा हे शाईवरून पाहा. जुनी शाई धाग्यात मुरते, शंभर धुण्यांनी धाग्याच्या उंचवट्यावरून उडते आणि खोलगट जागी राहते. जिथे घडी झिजली तिथे शिक्काही तुटतो. तुमच्या हिरव्या शर्टावर बाण आहे, वर्षही आहे, १९४४. फोटो मोठा केला की दिसतं ते असं: कापडाला कॉलरखाली झिजेची लव आली आहे आणि शाई त्या लवेवरून सलग गेली आहे. म्हणजे कापड आधी झिजलं, शिक्का नंतर बसला.

शिवाय तो पूर्ण उघडा आहे. केवळ यावरून मी त्याला खोटा म्हणणार नाही, कारण बुश शर्ट पूर्ण उघडायचे आणि अमेरिकन शर्टही. पण जवानांचा त्या काळचा साधा शर्ट बहुधा डोक्यातून घालायचा असतो, तुमच्या पणजोबांच्या शर्टासारखा. हिरव्याच्या आतल्या शिवणीला पाच दोऱ्यांचा ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड दोऱ्यांनी गुंफून घेणारी मशीनची शिवण, आहे. ओव्हरलॉकचं मशीन एकोणिसाव्या शतकातलं, त्यामुळे "ओव्हरलॉक म्हणजे नवं" हेही अर्धसत्य. पण लष्करी शर्टाची बाजू दोन्ही कडा दुमडून, जीन्ससारखी चपटी शिवायचे, कारण तीच आपटून धुण्याला टिकते. कॉलरच्या आत बॉलपेनने लिहिलेला आकडा आणि माप आहे, ते मला ड्रेसवाल्यांच्या गोदामातलं वाटतं. मुंबईत युद्धपटांसाठी असे शर्ट शेकड्याने शिवले जातात, शूटिंग संपलं की गठ्ठ्याने चोरबाजारात आणि तिथून पुण्यात. वाईट माल नाही, नाटकाला चालेल. पैसे परत मागून बघा. मिळणार नाहीत.

पणजोबांचा शर्ट मात्र फार बोलका आहे. अर्धा उघडा, चपट्या शिवणी, पाठ आणि खांदे फिके, खिशाच्या झाकणाखाली मूळ रंग. खांद्याच्या पट्ट्यांवर आडवा गडद पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणजे तिथे सरकवायची पट्टी होती. उजव्या बाहीवर मला फितीच्या भोकांची शंका येते, पण फोटोत उजेड समोरून आहे. खालच्या टोकाशी काळ्या शाईत चार आकडे आहेत. ते सेवा क्रमांकाचे शेवटचे चार असू शकतात. जवानाचं सामान ओळखायची तीच रीत होती.

आणि त्या आकड्यांशेजारी ती तपकिरी-काळी खूण, जिला तुम्ही "गंजाचा डाग असावा" म्हणालात. तो गंज नाही. दोन ठिपके आणि एक आडवी रेघ, कडा थोडी पसरलेली, मध्यभागी कापड किंचित कडक दिसतं. ही धोब्याची बिब्ब्याची खूण आहे. बिब्ब्याच्या तेलात काडी बुडवून खूण करायची, वर चुना लावायचा, ती जन्मात जात नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण वेगळी. ती लष्करी नाही आणि तिच्यावरून पलटण कळत नाही, पण बनावट शर्टावर मला ती आजवर एकदाही दिसलेली नाही.

तरीही सावध राहायची एक जागा आहे. आपल्याकडे खाकी फक्त लष्कराची नव्हती. पोलीस, होमगार्ड, वनरक्षक, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, एनसीसी, सगळे खाकीत. बोडका खाकी शर्ट यांपैकी कुणाचाही असू शकतो. पोलिसी शर्टाच्या खांद्यावर बहुधा पिनेच्या अक्षरांची भोकं सापडतात, आणि पुढच्या काळात कापड टेरिकॉटचं होतं. तुमच्या शर्टात ती भोकं नाहीत आणि कापड शुद्ध सुती दिसतं. म्हणून माझं मत लष्कराकडे झुकतं. घरात त्या पिढीत कुणी पोलिसात किंवा एसटीत होतं का, हे मात्र विचारून घ्या.

तिसऱ्या प्रश्नासाठी शर्ट बाजूला ठेवा आणि ट्रंक पुन्हा उपसा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरची पावती, काहीही. सेवा क्रमांक मिळाला आणि त्याचे शेवटचे चार आकडे शर्टाशी जुळले, तर तुमच्याकडे एक दुर्मीळ गोष्ट आहे. नसेल मिळत तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तिथे अर्ज कसा करायचा ते सांगतील. या पलटणीच्या बटालियन एरिट्रियातल्या केरनला, उत्तर आफ्रिकेत, इटलीत आणि बर्मातही लढल्या. याच पलटणीच्या यशवंत घाडगे यांना ज्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती इटलीत १० जुलै १९४४ला झाली, ऐन उन्हाळ्यात. त्यामुळे "मराठा म्हणजे बर्मा" किंवा "खाकी म्हणजे आफ्रिका" असं काही गृहीत धरू नका.

कुणीतरी तुम्हाला "शर्ट पूर्ण करून देतो" म्हणून बिल्ले विकायला येईल. घेऊ नका. तरी मोह झालाच तर निदान स्पेलिंग बघा. युद्धकाळात पलटणीच्या इंग्रजी नावात "मराठा"चा "एच" "आर"च्या आधी यायचा आणि "टी" दोन असायचे. बटणावर मुकुट असेल तर ते २६ जानेवारी १९५०च्या आधीच्या व्यवस्थेतलं, अशोकाचे सिंह असतील तर नंतरचं. एकाच शर्टावर दोन्ही दिसली तर विकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि हा शर्ट घालून मिरवणुकीत जाण्याचा विचार असेल तर तोही सोडा. सैनिक आहोत असं भासवण्यासाठी सैनिकी पेहराव करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही एकदा हात ताणून आळस दिलात की बगलेतलं कापड फाटेल.

धुऊ नका, कांजी नको, इस्त्री नको. कांजीवर कसर लागते. जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या सुती चादरीत सैल गुंडाळा, घडीच्या जागी चादरीचाच बोळा ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

मला तीन फोटो अजून हवेत. उजवी बाही खिडकीच्या काचेवर पसरून, डाव्या खांद्याची पट्टी उलटी करून, आणि बिब्ब्याची खूण आडव्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्या खुणेवर लिंबू, ब्लीच, काहीही लावू नका. त्याने खूण जाणार नाही, कापड जाईल.